पाहणारे आणि उडवणारे
(प्रस्तावना)

८ जानेवारी १९८९च्या संध्याकाळी लंडनच्या हीथ्रोहून बेलफास्टला निघालेलं ब्रिटिश मिडलंडचं बोईंग ७३७-४०० अजून उंची गाठत होतं, तेवढ्यात त्याच्या डाव्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरू लागलं, कॉकपिटमध्ये धुराचा वास आला. बिघाड उजव्या इंजिनात आहे अशी दोन्ही वैमानिकांची समजूत झाली आणि त्यांनी उजवं, म्हणजे धडधाकट इंजिन बंद केलं. नेमक्या त्याच वेळी थरथर आणि धूर कमी झाले, त्यामुळे समजूत पक्की झाली. कॅप्टनने माइकवरून प्रवाशांना सांगितलं, की उजव्या इंजिनात बिघाड झाला होता आणि ते आता बंद केलं आहे. मागे बसलेल्या अनेक प्रवाशांनी डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. केबिन क्रूपैकी तिघांनीही पाहिल्या होत्या. कॅप्टनची घोषणा ऐकून काही प्रवासी बुचकळ्यात पडले, पण उठून कोणी विचारलं नाही. ईस्ट मिडलंड्स विमानतळाची धावपट्टी समोर दिसत असताना डाव्या इंजिनानेही मान टाकली आणि केगवर्थ गावाजवळ, एम-१ महामार्गाच्या बांधावर विमान आदळलं. विमानातल्या १२६ जणांपैकी ४७ दगावले.

चौकशी अहवालातली एक गोष्ट मला या साऱ्यापेक्षा जास्त बोचते. कॅप्टनने केबिनच्या प्रमुखाला कॉकपिटमध्ये बोलावून मागे धूर आला का, असं विचारलं होतं. आला, असं उत्तर मिळालं. काही वेळाने तोच प्रमुख पुन्हा आत आला आणि प्रवासी फार घाबरले आहेत, असं सांगून गेला. म्हणजे दोन्ही बाजूंचं बोलणं झालं होतं, तेही दोनदा आणि समोरासमोर. आग कोणत्या बाजूला दिसली, एवढं मात्र कॉकपिटने विचारलं नाही आणि केबिनने सांगितलं नाही. वैमानिक आणि केबिन क्रू यांना संकटकाळासाठी एकत्र प्रशिक्षण द्यावं, अशी शिफारस ब्रिटिश तपास यंत्रणेने या अपघातानंतर केली. या संग्रहाचा विषय तिथून सुरू होतो.

विमानाची रचनाच अशी आहे, की चालवणाऱ्याला आपलं वाहन दिसत नाही. बहुतेक प्रवासी विमानांत वैमानिकाला आपल्या आसनावरून स्वतःची इंजिनं दिसत नाहीत, पंखांवरचा बर्फ दिसत नाही, शौचालयाच्या दाराखालून येणारा धूर तर नाहीच नाही. त्याच्यासमोर आकडे आणि दिवे असतात, आणि ते यंत्राने ठरवलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देतात. केबिन क्रूला मात्र खिडकीतून दिसतं, वासावरून कळतं, पायाखालच्या जमिनीचा कंप जाणवतो, प्रवाशांचे चेहरे वाचता येतात. पाहणारे एकीकडे आणि उडवणारे दुसरीकडे. मधे एक दार, आणि त्या दारातून माहिती नेण्याआणण्याची काही ठरावीक साधनं.

नवख्या वाचकासाठी ही साधनं थोडक्यात सांगायला हवीत. उड्डाणापूर्वी वैमानिक हवामान, इंधन, वजन यांचे कागद पाहत असतात. केबिन क्रू वेगळीकडे आपल्या प्रमुखाबरोबर कोण कोणत्या दाराशी बसणार हे ठरवत असतो. मग काही मिनिटांपुरते सगळे एकत्र येतात. उड्डाण किती वेळाचं आहे, हवा कुठे खराब लागेल, कॉकपिटमध्ये यायचं असेल तर कोणती खूण, एवढं बोलून होतं. यातली बरीच माणसं एकमेकांना पहिल्यांदाच भेटलेली असतात आणि मोठ्या कंपनीत ती पुन्हा कित्येक महिने भेटत नाहीत. एकदा दार बंद झालं, की इंटरफोन, ठरलेल्या घंटा आणि प्रवाशांनाही ऐकू येणाऱ्या पण खरं तर क्रूसाठी असणाऱ्या घोषणा उरतात. आणीबाणीत कॅप्टन केबिनप्रमुखाला चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने सांगतो: काय झालं आहे, आपण काय करणार आहोत, हाताशी किती वेळ आहे आणि काही खास सूचना आहेत का. प्रमुखाने त्या परत म्हणून दाखवायच्या, घड्याळं जुळवायची आणि कामाला लागायचं.

आपल्याकडे एसटीचा कंडक्टर डबल बेल देत नाही तोवर ड्रायव्हर गाडी हलवत नाही, आणि मधेच एक घंटा वाजली तर कारण न विचारता ब्रेक दाबतो. विमानात केबिन तयार असल्याचा निरोप आल्याशिवाय उड्डाण होत नाही, इथवर साम्य आहे. पुढे ते संपतं. हवेत गेल्यावर केबिन क्रूच्या हातात थांबवण्याची दोरी नसते, फक्त सांगण्याची संधी असते. अपघातानंतर विमान रिकामं करण्याची वेळ आली आणि कॉकपिटकडून काहीच कळेना, तर मात्र दारं उघडण्याचा निर्णय क्रू स्वतः घेऊ शकतो. अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. आपल्या शंकेची किंमत किती हे मात्र क्रू मॅन्युअलमधून शिकत नाही, पहिल्या काही महिन्यांतल्या अनुभवातून शिकतो.

ही दरी फार जुनी आहे. १५ मे १९३० रोजी एलेन चर्च ही परिचारिका अमेरिकेत बोईंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात पहिली स्टुअर्डेस म्हणून चढली. तिला खरं तर विमान उडवायचं होतं, ती ते शिकतही होती. पण ते काम मिळणं शक्य नव्हतं, म्हणून परिचारिका असल्याने प्रवाशांना धीर वाटेल असं तिने कंपनीला पटवलं. त्या पहिल्या तुकडीतल्या तरुणींना अविवाहित असण्याची अट होती. पुढची कित्येक दशकं वैमानिक पुरुष, बहुधा सैन्यातून आलेला, वयाने मोठा, भरपूर पगाराचा, आणि केबिनमधली मुलगी तरुण, थोड्या वर्षांपुरती आलेली, दिसण्यावरून निवडलेली, असंच चाललं. आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिशीत किंवा पहिल्या गरोदरपणात नोकरी सोडावी लागे. नर्गिस मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. हा खटला नोकरीतल्या समानतेचा म्हणून ओळखला जातो आणि ते बरोबरच आहे. पण सुरक्षिततेच्या अभ्यासकानेही तो वाचावा, असं मी आग्रहाने सांगेन. गरोदर राहिलीस तर घरी जा, असं जिला कंपनी सांगते, तिने पंचवीस वर्षांचा अनुभव असलेल्या कॅप्टनला ‘पंखावर काहीतरी दिसतंय’ असं सांगावं, ही अपेक्षा कुणाच्या जोरावर करायची?

या विषयाचं शास्त्र उभं राहिलं ते कॉकपिटच्या आतल्या अपघातांमधून. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या शार्लटजवळ एक विमान उतरताना कोसळलं. शेवटच्या मिनिटांपर्यंत वैमानिक राजकारणापासून जुन्या गाड्यांपर्यंत गप्पा मारत होते. पुढे १९८१मध्ये अमेरिकेत नियम झाला, की दहा हजार फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही कॉकपिटमध्ये बोलायचं नाही. त्याला ‘स्टराइल कॉकपिट’ म्हणतात. नियम उत्तम होता, पण केबिनच्या बाजूने त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. धडा ‘त्या वेळात आत फोन करायचा नाही’ असाच मनावर ठसला. सुरक्षिततेची माहिती या नियमातून वगळलेली आहे हे कागदावर होतं. पण आपल्याला आलेला वास ‘सुरक्षिततेची माहिती’ या सदरात बसतो का, हे एकटीने, जंपसीटवर म्हणजे क्रूच्या घडीच्या आसनावर बसून, काही सेकंदांत ठरवायचं, आणि चुकलं तर बोलणी खायची. अशा वेळी माणूस गप्प बसणं निवडतो.

२८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंडमध्ये युनायटेडचं डीसी-८ इंधन संपून पडलं. चाकांबद्दल शंका होती म्हणून विमान जवळपास तासभर घिरट्या घालत राहिलं. सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर इंधनाचा विषय आडून आडून काढत राहिले, कॅप्टनचं लक्ष चाकांवर आणि केबिनच्या तयारीवर. केबिन तयार आहे असं सांगायला फ्लाइट अटेंडंट आत आली, जवळपास त्याच मिनिटाला पहिलं इंजिन बंद पडलं. १८९पैकी दहा जण गेले. तयारीसाठी वेळ देणारा कॅप्टन आणि घाई नाही असं समजून नीट तयारी करणारा केबिन क्रू, दोघंही आपापल्या जागी योग्य वागत होते. हातात किती मिनिटं आहेत, हा आकडा तेवढा दोघांमधे नव्हता. वर सांगितलेल्या चार गोष्टींत ‘वेळ’ का आहे, ते इथे कळतं.

पुढच्याच वर्षी नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि १९८१मध्ये युनायटेडने आपल्या वैमानिकांसाठी पहिला सविस्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून सीआरएम, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, हे क्षेत्र जन्मलं. सुरुवातीच्या सीआरएममध्ये सगळं लक्ष कॉकपिटमधल्या दोघा-तिघांवर होतं. दारापलीकडच्या माणसांना त्यात जागा मिळायला आणखी दहा वर्षं आणि बरेच जीव लागले.

त्यातला निर्णायक अपघात केगवर्थनंतर दोनच महिन्यांनी झाला. १० मार्च १९८९, कॅनडातलं ड्रायडन. एअर ऑन्टारिओचं फोकर विमान पंखांवर ओला बर्फ साचलेला असताना उडालं आणि धावपट्टीपुढच्या झाडांत कोसळलं. ६९पैकी २४ जण मृत्युमुखी पडले. वाचलेल्या केबिन अटेंडंटने चौकशी आयोगापुढे सांगितलं, की तिने पंखांवरचा बर्फ पाहिला होता. उड्डाणाच्या बाबतीत वैमानिकांवर भरवसा ठेवायचा असं तिला शिकवलेलं होतं, आणि असं काही सांगितलेलं वैमानिकांना रुचत नाही हा तिचा आधीचा अनुभव होता. त्याच विमानात प्रवासी म्हणून बसलेल्या दोन व्यावसायिक वैमानिकांनीही बर्फ पाहिला होता. तेही बोलले नाहीत. न्यायमूर्ती व्हर्जिल मोशान्स्की यांचा १९९२चा अहवाल या क्षेत्रातला सर्वात धीराने लिहिलेला दस्तऐवज आहे. एका वैमानिकाच्या चुकीवर बोट ठेवून ते थांबले नाहीत. कंपनी, तिचं विलीनीकरण, सरकारी देखरेख, प्रशिक्षणाचे कागद असं एकेक दार उघडत ते मागे मागे गेले. मला या अहवालातून एक गोष्ट पक्की कळली, आणि संग्रह संपादित करताना ती सतत समोर ठेवली: गप्प बसणं हा त्या मुलीचा स्वभाव नव्हता. ते तिला शिकवलेलं होतं.

१९८९च्याच जुलैत उलट बाजूही दिसली. युनायटेडच्या २३२ क्रमांकाच्या उड्डाणात डीसी-१०ची सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. प्रवाशांत बसलेल्या डेनिस फिच या प्रशिक्षक वैमानिकाने फ्लाइट अटेंडंटला सांगितलं, की मी मदत करू शकेन. तिने तो निरोप आत नेला, कॅप्टन अल हेन्स यांनी त्याला लगेच आत बोलावलं. इंजिनांची ताकद कमीजास्त करत चौघांनी ते विमान आयोवातल्या सू सिटीपर्यंत आणलं. २९६पैकी १८४ जण वाचले. त्यानंतर हेन्स जिथे जिथे बोलले तिथे त्यांनी श्रेय सीआरएमला दिलं. एक निरोप दारातून आत गेला आणि आतल्या माणसाने तो ऐकला, एवढंच घडलं होतं.

अभ्यासकांचे ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. टेक्सास विद्यापीठातले रॉबर्ट हेल्मराइक आणि त्यांचे सहकारी मानसशास्त्राकडून आले. वैमानिकांच्या वृत्ती प्रश्नावल्यांनी मोजायच्या, ऐकणं आणि विचारणं ही शिकवता येणारी कौशल्यं मानायची, पुढे कॉकपिटमधल्या मागच्या आसनावर निरीक्षक बसवून रोजच्या उड्डाणातले धोके आणि चुका टिपायच्या, असा त्यांचा प्रवास आहे. दुसरा प्रवाह नियमांचा: ठरलेले शब्द, ठरलेल्या घंटा, परत म्हणून दाखवणं. विमान कंपन्यांना हा सोपा वाटतो, कारण तो छापता येतो आणि त्याची परीक्षा घेता येते.

तिसरा प्रवाह मला सर्वात मोलाचा वाटतो. नासाशी संबंधित रेबेका च्यूट आणि अर्ल वीनर यांनी १९९५ आणि १९९६ मध्ये दोन निबंध लिहिले. त्यांनी दाखवलं, की कॉकपिट आणि केबिन या दोन वेगळ्या संस्कृती आहेत आणि त्यांचं वेगळेपण कंपन्यांनी स्वतः घडवलं आहे. वैमानिक उड्डाण विभागाचे, केबिन क्रू बहुतेक ठिकाणी विक्री किंवा ग्राहकसेवेचा. मॅन्युअलं वेगळी, प्रशिक्षणाच्या इमारती वेगळ्या, ड्यूटीचं वेळापत्रक वेगळं, कित्येकदा हॉटेलही वेगळं. ब्रीफिंगला एकत्र जमायला वेळ नाही, कारण विमान वीस-पंचवीस मिनिटांत परत निघायचं असतं. मग संकटाच्या तीन मिनिटांत या दोघांनी एका कुटुंबासारखं वागावं अशी अपेक्षा धरायची. जे कंपनीच्या तक्त्यावर तोडलं आहे ते एका दिवसाच्या प्रशिक्षणवर्गात जोडता येत नाही, हे त्यांचं म्हणणं तीस वर्षांनीही खरं आहे.

चौथा प्रवाह राष्ट्रीय संस्कृतीचा. गेर्ट हॉफस्टेड यांनी मांडलेली सत्तेच्या अंतराची कल्पना विमानात आणली गेली. १९९७च्या ग्वाममधल्या कोरियन एअरच्या अपघातानंतर, आणि विशेषतः माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८च्या पुस्तकानंतर, ती सर्वतोमुखी झाली. वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही ही आशियाई शिकवण जीवघेणी ठरते, असा तिचा सूर. आपल्याकडच्या प्रशिक्षणवर्गांत ही कथा फार आवडीने सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते आणि थोडी सोयीचीही. केगवर्थ इंग्लंडमध्ये घडलं, ड्रायडन कॅनडात. तिथे गप्प बसलेल्या माणसांना आदरार्थी बहुवचनाची अडचण नव्हती. कोरियन एअरने प्रशिक्षण आणि देखरेख बदलली आणि १९९९नंतर तिच्या विमानाचा जीवघेणा अपघात झालेला नाही. देश तर तोच आहे. संस्कृतीवर बोट ठेवलं की व्यवस्थापनाची सुटका होते, म्हणून या संग्रहात त्या स्पष्टीकरणाला जागा दिली आहे, पण मोठेपणा दिलेला नाही.

निरोप पोचला तरी तो वाटेत बदलू शकतो, हा या विषयाचा आणखी एक कोपरा. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या डीसी-९च्या मागच्या शौचालयात आग लागली. केबिनमधून कॉकपिटला निरोप जात होते, पण धूर कमी होतो आहे असा भास झाल्याने निरोपही दिलासा देणारा गेला, आणि विमान खाली उतरवण्याचा निर्णय लांबला. सिनसिनाटीला विमान उतरलं खरं, पण दारं उघडल्यावर आगीचा भडका झाला. ४६पैकी २३ जण गेले. म्हणून आज केबिन क्रूला ‘काय वाटतं’ ते बाजूला ठेवून ‘काय दिसतं’ ते आधी सांगायला शिकवतात: धूर किती, रंग कोणता, वास कसला, किती वाढला. उलट दिशेलाही तसंच. २००९ साली हडसन नदीवर उतरलेल्या विमानात आघातासाठी तयार राहा एवढीच आज्ञा केबिनला मिळाली. पाण्यात उतरतो आहोत हे कळलंच नाही. सगळे १५५ जण वाचले म्हणून आपण ते उड्डाण चमत्कार म्हणून आठवतो. पण पाण्याखाली गेलेलं मागचं दार किंचित उघडलं गेलं आणि मागची केबिन पाण्याने भरू लागली, हेही त्या उड्डाणाच्या चौकशी अहवालात आहे.

दाराबद्दल वेगळं लिहायला हवं. ११ सप्टेंबर २००१नंतर जगभरची कॉकपिटची दारं बंदुकीची गोळी अडवतील अशी झाली आणि उड्डाणभर कुलूपबंद राहू लागली. त्यामागची गरज आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ५ सप्टेंबर १९८६ला मुंबईहून निघालेलं पॅन अ‍ॅमचं विमान कराचीत अपहरणकर्त्यांच्या ताब्यात गेलं, तेव्हा केबिन क्रूचा इशारा वेळेवर कॉकपिटपर्यंत गेला आणि वैमानिक छतातल्या झडपेतून बाहेर पडू शकले. विमान जमिनीवरच अडलं. पुढचे कित्येक तास नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रवाशांना कसं सांभाळलं ते सर्वश्रुत आहे. त्या पहिल्या इशाऱ्याबद्दल मात्र फार कमी लिहिलं गेलं आहे. संवादाचा तो नमुना आहे: ठरलेली खूण, एका क्षणात, शंका न घेता पाळली गेलेली.

पण बळकट दाराने दोन बाजू आणखी दूर नेल्या. १४ ऑगस्ट २००५ला हेलिओस एअरवेजच्या विमानात हवेचा दाब राखणारी यंत्रणा चुकीच्या स्थितीत राहिली होती. केबिनमध्ये प्राणवायूचे मुखवटे खाली आले, तरी विमान चढतच राहिलं. मुखवटे पडल्यावर विमान खाली यायला हवं, हे केबिन क्रूला ठाऊक असतं. मुखवटे पडले आहेत, हे कॉकपिटला उमगलं नव्हतं. तिथे वाजणारा भोंगा वैमानिकांनी दुसऱ्याच बिघाडाचा समजला. १२१ जण ग्रीसच्या डोंगरात गेले. शेवटच्या मिनिटांत एक केबिन अटेंडंट कॉकपिटमध्ये पोचल्याचं शेजारून उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांनी पाहिलं. तो दार कसं ओलांडून गेला याहीपेक्षा, मुखवटे पडताच पहिल्या दोन मिनिटांत कोणी कोणाला काय विचारायचं हे आधी ठरलेलं असायला हवं होतं, हा या अपघाताचा धडा आहे.

यंत्रांचा कल्लोळ हा नवा अडसर. ४ नोव्हेंबर २०१०ला सिंगापूरहून उडालेल्या क्वांटासच्या ए-३८०चं इंजिन फुटलं. कॉकपिटमध्ये इतक्या सूचना एकदम वाजत होत्या, की केबिनमधून आलेला आणीबाणीचा फोन त्यातलाच एक भोंगा समजून वैमानिकांनी बंद केला. पुढे एक वैमानिक स्वतः उठून केबिनमध्ये गेला, खिडकीतून पंखाची अवस्था पाहिली, आणि शेपटीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र प्रवाशांच्या पडद्यावर दिसत होतं त्यात मागे सांडणारा द्रव पाहून आला. ४६९ जण सुखरूप उतरले. जगातल्या सर्वात आधुनिक विमानातही शेवटी कोणीतरी जाऊन पाहून यावं लागलं.

२ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदावर जपान एअरलाइन्सचं ए-३५० तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. आग लागल्याचं वैमानिकांना सुरुवातीला कळलं नव्हतं, केबिनने कळवलं. मग घोषणायंत्रणा आणि इंटरफोन दोन्ही बंद पडले. क्रूने मेगाफोन आणि घशाच्या जोरावर काम केलं. आठपैकी तीनच दारं वापरण्यासारखी होती. मागच्या दाराशी असलेल्या क्रूने कॉकपिटची वाट न पाहता ते स्वतःच्या जबाबदारीवर उघडलं. सगळे ३७९ जण बाहेर पडले. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला, हे विसरता येत नाही. बोलण्याचं साधन तुटल्यावरही काम थांबलं नाही, कारण कोणाला कशाचा अधिकार आहे हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

आता मराठीत हे पुस्तक का? महाराष्ट्रात आणि गोव्यात विमानतळ वाढत आहेत. मोपा सुरू झाला, नवी मुंबईचं उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं. बारामती आणि गोंदियाजवळच्या बिरसी इथे वैमानिक घडतात. सांगली, लातूर, अमरावतीच्या मुली आणि मुलं केबिन क्रूच्या मुलाखतींना रांगा लावतात. त्यांच्यासाठी मराठीत जे मिळतं ते मुलाखतीला काय घालायचं आणि कसं हसायचं एवढंच. नोकरीचा गाभा सुरक्षितता आहे, हे त्यांना प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी इंग्रजीत कळतं. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजी येण्याची आंतरराष्ट्रीय पातळी २००८पासून ठरलेली आहे. केबिन क्रूसाठी तशी जागतिक कसोटी नाही. ज्या मुलीला आधीच पदाचा दबाव वाटतो, तिला वाक्य चुकेल ही भीतीही घेऊन तो फोन उचलायचा असतो. तेव्हा कॅप्टनने ब्रीफिंगमध्ये एवढं म्हणावं: कोणत्याही भाषेत सांगा, मोडकं सांगा, पण सांगा. हे म्हणायला पैसा लागत नाही.

भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जागतिक सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांनी सीआरएम दोन्ही गटांना लागू आहे. पाया आहे. पण दोघांना एका खोलीत बसवून, एकाच बनावट संकटात, एकाच वेळी सराव देणं हे खर्चाचं आणि वेळापत्रकात न बसणारं काम असल्याने पहिली कात्री तिथे लागते. तिथे ती लागू नये, हे या संग्रहातले बहुतेक लेखक आपापल्या परीने सांगत आहेत.

विमानापलीकडेही याचा उपयोग आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीच्या गावंडे कुटुंबाचे अतुल गावंडे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००८ साली शस्त्रक्रियेची तपासणी-यादी तयार करण्याचं नेतृत्व केलं, तेव्हा त्यांनी विमानक्षेत्राकडूनच शिकून घेतलं. त्या यादीत चीर देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. नाव सांगितलेल्या परिचारिकेने पुढे शंका बोलून दाखवण्याची शक्यता वाढते. आपल्या रुग्णालयांतल्या, कारखान्यांतल्या, धरणांवरच्या वाचकांनाही या संग्रहात स्वतःचं काही सापडेल.

संग्रहाची मर्यादाही सांगतो. वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातला रेडिओवरचा संवाद हा मोठा विषय आहे, तो इथे नाही. हे प्रशिक्षणाचं मॅन्युअल नाही, आणि प्रत्येक कंपनीचे शब्द आणि घंटा वेगळ्या असल्याने कोणी ते तसं वापरूही नये. अपघातांच्या कथा इथे दोषी शोधण्यासाठी सांगितलेल्या नाहीत. ज्यांनी लिहिलं आहे त्यांत दाराच्या दोन्ही बाजूंना नोकरी केलेले आहेत, आणि काही ठिकाणी ते एकमेकांशी असहमत आहेत. ते मतभेद संपादनात पुसलेले नाहीत. तांत्रिक शब्द विमानात जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. इंटरफोन, गॅली, जंपसीट यांना नवी नावं देऊन वाचकाला अडवण्यात अर्थ नव्हता.

एक विनंती. वैमानिक वाचकांनी केबिन क्रूने लिहिलेले लेख आधी वाचावेत आणि केबिन क्रूने वैमानिकांचे. आणि जे कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांत निर्णय घेतात त्यांनी दोन्ही वाचून झाल्यावर पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकात एकत्र सरावाचा दिवस आधी लिहावा, बाकीचं नंतर.